ट्रामची तार आणि ती राखणारे हात

मुंबईच्या ट्रामचा इतिहास आपल्याकडे तारखांनी सांगितला जातो. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. या तारखा खऱ्याच आहेत. पण या इतिहासात कंपनी आहे, डबा आहे, उतारू आहे. डोक्यावरची तार शाबूत राखणारा कामगार मात्र नाही. तो का नाही, हा माझा प्रश्न आहे.

त्याचे काम काय होते? ट्रामच्या टपावरचा दांडा तांब्याच्या तारेला खालून टेकून सरकतो. तारेतली वीज मोटरीत उतरते आणि रुळांवाटे परत फिरते. रोजच्या घासण्याने तार झिजते. उन्हात सैलावते, थंडीत आखडते. वळणावर तिला जागोजागी बाजूच्या खांबांकडे ओढून धरावे लागते. ही ओढ चुकली की दांडा निसटतो आणि गाडी रस्त्यातच उभी राहते. तार कोठे झिजली आहे, किती ताणायची आहे, हे ओळखायला सरावलेली नजर आणि हात लागतात. ही विद्याच आहे. पण हाताने केलेल्या कामाला विद्या म्हणायची आपल्या इतिहासकारांना सवय नाही.

इंग्लंडात डर्बीशायरमधील क्रिच येथे ट्रामप्रेमींच्या संस्थेने १९५९ साली एका जुन्या दगडखाणीत जागा मिळवली. तेथे त्यांनी रूळ घातले, खांब रोवले, तार ओढली. मुंबईने ट्राम मोडीत काढली त्याच १९६४ साली क्रिचला विजेची ट्राम धावू लागली. तेथे गाडी चालते, म्हणून तार राखावी लागते. तार राखावी लागते, म्हणून जुना माणूस नव्याला शिकवतो. काचेआड ठेवलेल्या डब्याला तारेची गरज नसते आणि तारवाल्याचीही नसते.

कलकत्त्यात १९०२ पासून विजेची ट्राम आहे. २० मे २०२० च्या अम्फान वादळात झाडे तारांवर कोसळली. पुढे काही मार्ग पुन्हा सुरू झाले, ते तारा जोडणाऱ्या कामगारांमुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी मैदान ते एस्प्लनेड एवढाच मार्ग वारसा म्हणून ठेवण्याचा मनोदय जाहीर केला. वारसा म्हणजे केवळ रंगवलेला डबा असेल, तर या कामगारांचे कसब कोणाच्या खाती जमा होणार?

मुंबईपुरते बोलायचे तर वेळ थोडा उरला आहे. १९६४ साली विशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या पुढे आहे. चाळींतून, वस्त्यांतून अशी माणसे शोधली पाहिजेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे. कार्यकर्त्यांनी त्यांच्याजवळ बसून विचारावे : तार कशी ताणत होता, पावसात काय करत होता, पगार किती होता, शेजारी कोण काम करत होते? आणि ते सांगतील तसेच उतरवून घ्यावे.