मुंबई–कराची : अंतर आणि मजल

मराठीतील ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’पासून फार्सीच्या द्वारे आला. मूळ अर्थ उतरण्याचे ठिकाण. त्यावरून एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची चाल. येथे अंतराचे माप कोस नसून मुक्काम आहे. विमानाच्या काळात हे माप कालबाह्य झाले असे मानण्याचे कारण नाही.

दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा लंडनहून आलेले टपाल घेऊन ‘पस मॉथ’ या एक-इंजिनी विमानाने कराचीहून निघाले व अहमदाबादेस थांबून जुहूस उतरले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीने आले होते! सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, अहमदाबादेवरून सुमारे १,०३०. मुक्काम धरून वेळ लागला सात तासांहून थोडा अधिक. ही तिन्ही शहरे तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध प्रांत वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी.

जेट विमानास ही वाट दीड तासाची. परंतु फाळणीनंतर तिचा निर्णय वेगापेक्षा सरहद्दीने अधिक केला. सरळ विमानसेवा खंडित झाल्यावर प्रवाशांना दुबईचा आश्रय घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाशच बंद केले. दुबईमार्गे अंतर सुमारे ३,१०० किलोमीटर भरते. उड्डाणाचे पाच तास व तेथील खोळंबा यांची बेरीज पुष्कळदा ‘पस मॉथ’च्या सात तासांपुढे जाते.