काट्यावरच्या खुणा

२००६ च्या हंगामात आदिलाबादच्या एका जिनिंगचा हिशेब मी लिहिलेल्या पर्ल प्रोग्रामवर चालायचा. काट्यावरून येणाऱ्या प्रत्येक नोंदीला खूण असे: कापसाची आवक, ओलाव्याची वजावट, सरकीची विक्री, रुईच्या गाठी. खूण पाहून त्या-त्या कामाचं सबरूटीन चालवायचं. खुणा साठावर गेल्या, तशी इफ-एल्सिफची शिडी तीन पानं लांबली.

ही शिडी पर्लमध्ये मुळापासूनची. लॅरी वॉलने १८ डिसेंबर १९८७ ला पहिली आवृत्ती काढली, तिच्यात सी भाषेसारखं स्विच नव्हतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये पाचवी आवृत्ती रेफरन्स घेऊन आली आणि सबरूटीन थेट हॅशमध्ये ठेवता येऊ लागलं. डावीकडे खूण, उजवीकडे बॅकस्लॅश, अँपरसँड आणि सबरूटीनचं नाव. नावापुढे कंस लावायचे नाहीत. लावले की तक्ता भरतानाच ते चालून मोकळं होतं. मार्क जेसन डॉमिनस यांच्या २००५ मधल्या 'हायर-ऑर्डर पर्ल'चं दुसरं प्रकरण या डिस्पॅच टेबलांवरच आहे.

मीही शिडी मोडून तक्ता केला. तो मला फार देखणा वाटला, आजही वाटतो. पण वाढता वाढता त्यात 'ओल' ही की दोनदा आली: वर ओलाव्याची वजावट, नव्वद ओळी खाली ओली सरकी. हॅश शेवटची नोंद धरतो आणि आधीची पुसतो. वॉर्निंग चालू असली तरी अवाक्षर काढत नाही. दोन दिवस कुणाचीच वजावट झाली नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी दोन पावत्या पुढे धरून म्हणाले, "बाई, काल एक अन् आज एक, हे कसं काय?" मला मान वर करवेना.

त्या रात्री मी तो मोठा तक्ता फोडला. आवक, विक्री, गाठी यांची मॉड्यूल वेगळी केली, आणि प्रत्येकाने आपल्या खुणा 'नोंदव' या एकाच सबरूटीनकडे द्यायच्या असं ठरवलं. ते आधी एक्झिस्ट्सने तपासतं. की आधीच असली तर दोन्ही फाइलींची नावं सांगून प्रोग्राम थांबवतं. २००७ च्या डिसेंबरात ५.१० सोबत गिव्हन-व्हेन आलं, पण मी तक्ताच ठेवला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल, मंचिर्याल, आसिफाबादच्या पावत्यांसाठी मी तीन नव्या फाइली जोडल्या. सकाळी प्रोग्राम सुरूच होईना: निर्मलच्या फाइलीत एक जुनी खूण मी पुन्हा लिहिली होती. काट्यावर पहिली गाडी यायला अजून अर्धा तास होता.