शब्दाचे दोन विच्छेद : धुळ्याचा धातुकोश आणि इंग्रजी शब्द

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथेच उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने 1937मध्ये त्यांचा धातुकोश प्रसिद्ध केला. या कोशामागील गृहीतक असे की, शब्द हा अखंड नाद नसून अर्थवाहक अवयवांची रचना आहे. अवयव सुटे केले म्हणजे शब्दाबरोबर समाजाचाही इतिहास हाती लागतो. खानदेशातील विद्यार्थ्याला दीर्घ इंग्रजी शब्दापुढे जो प्रश्न पडतो, त्याचा विचार या परंपरेच्या प्रकाशात व्हावयास हवा.

शब्दाचा विच्छेद दोन प्रकारे संभवतो : उच्चारानुसारी अक्षरांत आणि अर्थानुसारी पदिमांत. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द इं-टर-नॅ-श-नल असा पाच अक्षरांत उच्चारला जातो. अर्थदृष्ट्या मात्र ‘इंटर’, ‘नेशन’ आणि ‘अल’ हे त्याचे तीन घटक. दोन्ही विच्छेदांच्या सीमा जुळत नाहीत. हा वाद इंग्रजीतही जुना आहे. नोआ वेब्स्टरने 1783च्या आपल्या स्पेलरमध्ये उच्चाराचा पक्ष घेतला. ब्रिटिश मुद्रणपरंपरेने ओळीअखेरीस शब्द तोडताना व्युत्पत्तीला झुकते माप दिले.

देवनागरीत हा पेच अधिक तीव्र होतो. रोमन लिपीत ‘नेशन’ आणि ‘नॅशनल’ यांच्या आरंभीचे वर्ण समान राहतात, म्हणून नाते डोळ्यांना दिसते. उच्चाराशी इमान राखणारी देवनागरी तेच नाते झाकते. उलट ‘आंतरराष्ट्रीय’ हा पर्याय म्हणजे अर्थानुसारी विच्छेदाचेच मराठी रूप होय. तर ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ करणारा ग्रामीण कान केवळ उच्चाराला वळण देतो. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास 1990मध्ये ग्रंथरूपाने मांडला. अशा अभ्यासात आदानाचे हे दोन मार्ग वेगळे ओळखणे अगत्याचे ठरते.

मात्र विच्छेदाला निकष हवा. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती ध्वनिसाम्यावर विसंबल्यामुळे उत्तरकालीन अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत. ‘टीचर’मधील ‘अर’ कर्तृवाचक आहे, कारण तो काढल्यावर अर्थपूर्ण क्रियापद उरते आणि तोच प्रत्यय अन्यत्र त्याच अर्थाने आढळतो. ‘फादर’मधील ‘अर’ तसा नव्हे. घटकाची अशी पुनरावृत्ती दाखविता आली, तरच तो शब्दाचा अवयव. एरवी तो केवळ आपल्या कल्पनेचा तुकडा. धुळ्याच्या कोशाचा वारसा श्रद्धेने नव्हे, तर या कसोटीनेच पुढे नेता येईल.