जुन्नरची लेणी पाहणारा कंपनीचा चेअरमन

पुण्याहून येताना नारायणगावला डावीकडे वळले की जुन्नर लागते आणि जुन्नरच्या पुढे घाटघरवरून नाणेघाट. कोकणातला माल घाटावर चढवण्याची ही सातवाहनकाळापासूनची वाट. १८२८ च्या उन्हाळ्यात एक इंग्रज लष्करी अधिकारी वाटाड्याबरोबर इथल्या लेण्यात शिरला आणि भिंती भरून कोरलेली अक्षरे पाहून थांबला. ती लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. तरी त्याने लेखांची नोंद केली. बरोबर अठ्ठावीस वर्षांनी, १८५६ मध्ये, हाच माणूस लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन झाला. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

लष्करातून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी कंपन्यांच्या संचालक मंडळावर जाऊन बसतात, हे आज सर्वांच्या सवयीचे आहे. मुंबईत त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा. नौदलात असतानाच त्यांनी माझगाव गोदीचा कारभार पाहिला, १९७१ च्या युद्धात नौदलाचे नेतृत्व केले आणि निवृत्तीनंतर शिपिंग कॉर्पोरेशनची सूत्रे हाती घेतली. पण या वाटेचा उगम शोधायचा तर जुन्नरच्या डोंगरातून जावे लागते, कारण आपल्या मुलखावर एकेकाळी राज्यच एका कंपनीचे होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच मोहिमेत मेजर एल्ड्रिजच्या फौजेने जीवधन, चावंड हे जुन्नरच्या आसपासचे किल्ले घेतले. जिंकलेल्या मुलखाची घडी बसवायला कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने माणसे नेमली ती बहुतेक पलटणीतली. पुण्याला कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर, खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज आणि साताऱ्याला कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. कालपर्यंत तोफा ओढून नेणारे हे लोक आता पाटील-कुळकर्ण्यांना समोर बसवून वसुलाचे हिशेब तपासू लागले. १८२७ मध्ये तर मेजर जनरल सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. पगार कंपनीचा आणि नफाही कंपनीचाच.

साइक्सही याच मुशीतला. जन्म १७९० चा, यॉर्कशरमधला. १८०३ मध्ये, तेराव्या वर्षी, तो कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८०५ चा भरतपूरचा वेढा त्याने पाहिला आणि १८१७ मध्ये खडकी व पुण्याच्या लढायांत तो पेशव्यांच्या फौजेसमोर उभा होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले, आणि इथून त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरायचे आणि दिसेल ते मोजायचे, हे त्याचे काम. माणसे, नांगर, बैल, पिके, बाजारभाव, पाऊस, हवेचा दाब, सगळेच त्याने मोजले. १८२९ मध्ये ते पद रद्द झाले, तरी १८३१ पर्यंत त्याने काम पुरे करत आणले.

त्याची नजर किती बारीक होती, हे पाहिले की थक्क व्हायला होते. दख्खनच्या जमीनधाऱ्यावर लिहिताना त्याने मिरासदार आणि उपरी यांतला फरक, बलुतेदारांचे हक्क, पाटीलकीची वतने हे सगळे गावच्या जुन्या कागदांवरून समजून घेतले. शेताशेताची नोंद असलेला थळझाडा त्याने अभ्यासला. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले दप्तर हा इतिहासाचा पुरावा आहे, हे त्याला त्या काळात उमगले होते. दख्खनचे पक्षी, प्राणी आणि मासे यांवरही त्याने निबंध लिहिले. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने इथल्या भोयांच्या तोंडचे शब्द उचलले. दख्खनी महसीरचे ‘खुदरी’ हे शास्त्रीय नाव त्यानेच दिलेले, आणि आजही जगभर तेच चालते.

जुन्नरच्या लेण्यांतले लेख त्याने उतरवून घेतले आणि १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. त्याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले. पुढच्या विद्वानांनी जुन्नरचे लेख वाचले तेव्हा त्यांत सापडल्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचे संघ. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले होते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी कायमच्या ठेवी ठेवल्या जात. स्वतःच्या नावाने पैसा सांभाळणारी, सभासद गेले तरी टिकणारी संस्था जुन्नरला इंग्रजी कंपनीच्या कितीतरी शतके आधी होती. साइक्सने ती अक्षरे पाहिली तेव्हा त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

कंपनीच्या नोकरीतून याच भागात आणखी एक माणूस वेगळ्या वाटेला लागला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनीचा सर्जन. १८३८ पासून तो दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. जुन्नर भागात हिवरे येथेही त्याची बाग होती. तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती वाढत आणि औषधे मुंबईच्या सरकारी भांडारात जात. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला.

साइक्स मात्र थेट मालकांच्या दालनात गेला. १८३३ मध्ये त्याने कर्नल म्हणून लष्कर सोडले आणि १८४० मध्ये तो कंपनीचा संचालक झाला. ही निवड भागधारक मते देऊन करत. हजार पौंडांच्या भागांना एक मत, दहा हजारांच्या भागांना चार. म्हणजे भारतावर राज्य कुणी करायचे, हे लंडनमधल्या शेअर बाळगणाऱ्यांच्या मतपेटीतून ठरे. त्यातही १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला होता आणि भागधारकांना वर्षाला साडेदहा टक्के लाभांश मिळत होता, तोही भारताच्या महसुलातून. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश असा लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या मुख्य कचेरीत पोचत होता.

या व्यवस्थेच्या शिखरावर साइक्स १८५६ मध्ये बसला. तो चेअरमन असतानाच १८५७ च्या सुरुवातीला काडतुसांवरून पलटणींत असंतोष पेटला. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे हिंदी शिपायांबरोबर काढली, असा माणूस कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर होता आणि तरी कंपनीला आपल्या शिपायाचे मन कळले नाही. हा त्या सबंध व्यवस्थेचा पराभव होता. पुढच्याच वर्षी राज्य राणीच्या हाती गेले. साइक्स तोवर ॲबर्डीनचा खासदार झाला होता आणि १८७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो खासदार राहिला. कंपनी कायद्याने विसर्जित झाली ती १ जून १८७४ रोजी.

आजच्या निवृत्त सेनाधिकाऱ्याला एखाद्या कंपनीत जाण्याआधी ठराविक काळ थांबावे लागते किंवा सरकारची परवानगी घ्यावी लागते. फौज आणि नफा यांत अंतर हवे, हे कंपनी सरकारच्या अनुभवाने आपल्याला फार महाग किमतीला शिकवले आहे. साइक्सच्या काळी ते अंतर नव्हतेच. म्हणून त्याचे मोजमाप प्रामाणिक असूनही शेवटी वसुलाच्याच कामी आले. पण ती मोजणी आज आपली आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या गावांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, नारायणगावच्या शाळा-महाविद्यालयांत तो शिकवणाऱ्यांनी साइक्सचे अहवाल मुळातून वाचावेत आणि आपल्या घरच्या जुन्या दप्तरांशी ते ताडून पाहावेत.