कोरियन नूडल्स घरी करताय? मसाल्याचं पाकीट बाजूला ठेवा

इन्स्टाग्रामवर 'कोरियन नूडल्स' शोधलं की बऱ्याच रील्समध्ये एकच दृश्य दिसतं. नूडल्सवर लसूण, मिरचीची भरड, पातीचा कांदा आणि वरून कडकडीत तेल. चर्र आवाज येतो, चवही छान लागते. फक्त ही पद्धत मुळात कोरियाची नाही. चीनमधल्या शिआन शहराच्या परिसरात अशा नूडल्स पूर्वीपासून खातात. आपल्या भाषेत सांगायचं तर वरून घातलेली फोडणी.

मग कोरियन चव येते कशातून?

गोचुजांगमधून. लाल मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचं माल्ट आणि मीठ एकत्र करून ही पेस्ट मातीच्या रांजणात महिनोन् महिने मुरवतात. त्यामुळे ती एकाच वेळी तिखट, गोडसर आणि खारट लागते. कोरियन मिरची रंगाला गडद, पण तिखटाला बेताची असते. आपली ब्याडगी तिच्या बरीच जवळची. म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या 'चॅलेंज'वाल्या नूडल्स ही कोरियन जेवणाची रोजची चव नव्हे. अशा तीन प्रकारच्या नूडल्स डेन्मार्कने जून 2024 मध्ये अति तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्यातल्या दोन परत आल्या.

पाकिटातला मसाला का नको?

कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ. कोरियन नूडल्सच्या अनेक पाकिटांवर एका सर्व्हिंगमागे 1500 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम लिहिलेलं असतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हा आकडा वाचूनच पाकीट उचलावं. घरच्या सॉसमध्येही मीठ असतंच, पण ते किती घालायचं हे तुमच्या हातात राहतं.

एका माणसासाठी कृती

वाटीत 1 मोठा चमचा गोचुजांग, 1 छोटा चमचा सोया सॉस, तेवढंच व्हिनेगर आणि साखर, 2 पाकळ्या किसलेला लसूण एकत्र करा. वेगळं मीठ घालू नका.

साध्या इन्स्टंट नूडल्स पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी उकळा. निथळताना अर्धी वाटी पाणी काढून ठेवा. ते पेजेसारखं असतं, त्यानेच सॉस नूडल्सना धरून राहतो.

कढईत चमचाभर तेलावर सॉस मंद आचेवर अर्धा मिनिट परता. इथेच बहुतेकांचं चुकतं. गोचुजांगमध्ये साखरेचा अंश असल्याने मोठ्या आचेवर ती लगेच करपते आणि कडू होते. मग राखलेलं पाणी आणि नूडल्स घालून मिनिटभर हलवा. वरून पातीचा कांदा, भाजलेले तीळ, आवडत असेल तर उकडलेलं अंडं.

कोरियात शेवटी तिळाचं तेल घालतात, पण ते भाजलेल्या तिळांचं, गडद आणि खमंग असतं. आपल्याकडच्या घाणीच्या फिकट तेलाला तो वास नसतो. त्यापेक्षा तीळ खरपूस भाजून, जाडसर कुटून घाला.

गोचुजांग नसेल तर?

काश्मिरी तिखट आणि टोमॅटो केचप घालून रंग येईल, पण मुरलेली चव येणार नाही. चविष्ट होईल; गाडीवरच्या चायनीजच्या जास्त जवळ जाईल, इतकंच.

शाकाहारींनी लेबल नीट वाचावं. गोचुजांगमध्ये सहसा मांस-मासे नसतात, पण किमचीत अनेकदा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही तपासावं, कारण बाजारातल्या बऱ्याच गोचुजांगमध्ये गहू असतो. डबा उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि लोणच्याच्या बरणीसारखाच त्यात कोरडा चमचा घाला.