भाडें, मुदत आणि निवारा

ठरलेली मुदत सरण्यापूर्वींच घरमालक भाडें वाढवूं पाहतो, तेव्हां न्याय कोणाच्या बाजूचा? करारशास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे: एका पक्षाच्या इच्छेनें करार बदलत नाहीं. पण मुंबईच्या भाडेकरूस ह्या उत्तराचा आधार फारसा नव्हता. त्याचा करार बहुधा महिन्याचा; आणि १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यानें महिनाअखेर संपणारी पंधरा दिवसांची नोटीस देऊन तो मोडतां येई. मग वाढीव भाडें द्या, नाहीं तर बिऱ्हाड हलवा! मुदतच महिन्याची, तर तिचें संरक्षण किती पुरणार?

महायुद्धांनीं हा प्रश्न तीव्र केला. पहिल्या युद्धांत जागांची टंचाई झाली, तेव्हां १९१८ सालीं मुंबईंत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढें १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं चालू असलेलें भाडें हेंच सामान्यतः प्रमाणभाडें मानलें, आणि तें देण्यास तयार असणाऱ्यास घालवून देण्याचा अधिकार कांहीं ठराविक कारणांपुरताच ठेवला. मध्यमवर्गाचीं बिऱ्हाडें त्यामुळेंच पिढ्यान्पिढ्या एका जागीं राहूं शकलीं.

परंतु महागाई वाढत गेली, भाडें मात्र जागचें हललें नाहीं. दुरुस्तीवांचून चाळी खचल्या, पागडी बोकाळली. अखेर १९९९ च्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढ मान्य केली. वाढ बेताची असावी व अगोदर ठाऊक असावी, हें भाडेकरूचें मागणें न्याय्यच. पण घर उभें राहील इतकें भाडें मिळावें, हें मालकाचें मागणेंहि तितकेंच न्याय्य नव्हे काय?