एका छिद्राची गोष्ट

'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' हे वाक्य आपण बातम्यांत नेहमी वाचतो. ते वाचताना मला अमेरिकेतले हौशी नेमबाज आठवतात. ते पिस्तुलाची पुंगळी फेकत नाहीत, पुन्हा भरतात. कारण काडतुसात सर्वांत महाग असते ती पितळेची पुंगळीच.

बार उडाला की पुंगळी किंचित फुगते. पोलादी साच्यात दाबली की ती मूळ मापावर येते आणि साच्यातली सुई जळकी टोपी खाली ढकलते. मात्र त्यासाठी पुंगळीच्या बुडात, बरोबर मध्यावर, एकच छिद्र हवे.

ते दिले एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाने, १८६६ साली. त्याच वर्षी हायरम बर्डन या अमेरिकनाने केलेल्या रचनेत छिद्रे मध्यावर नव्हती. सुई तिथे अडते. गंमत पाहा, बर्डनची टोपी युरोपातल्या सैन्यांनी उचलली आणि बॉक्सरची अमेरिकेने! सैन्याला पुंगळ्या जपायच्या नव्हत्या. दुकानापासून कोसो दूर राहणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याला मात्र प्रत्येक पुंगळी मोलाची होती.

शोध कुणाचा आणि तो फळतो कुणाला, हे कधीकधी एवढेसे छिद्र ठरवते.